सॉफ्टवेअरचं काम बाहेर देताना : वाचकांचे प्रश्न

संगणकाचं काम बाहेरच्या कंपनीला देणारे आणि ते घेणारे, अशा दोन्ही बाजूंच्या वाचकांनी प्रश्न पाठवले आहेत. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं दिली आहेत.

प्रश्न : आमचा भोसरीत सुट्या भागांचा कारखाना आहे. जॉबवर्कची (माल बाहेर पाठवून करून घेतलेल्या कामाची) चलनं, स्टॉक आणि डिस्पॅचसाठी सॉफ्टवेअर करून घ्यायचं आहे. तीन कोटेशन आली : ४ लाख, ९ लाख आणि १४ लाख. काम एकच, मग एवढा फरक कसा? कुणाला द्यावं? – लघुउद्योजक, भोसरी

तिघांनी एकाच कामाची किंमत दिलेली नाही, म्हणून फरक आहे. काम तोंडी किंवा एका पानाच्या ईमेलवर सांगितलं की उरलेलं प्रत्येक कंपनी आपल्या अंदाजाने भरून काढते. चार लाखवाल्याने बहुधा फक्त सरळ जाणारा व्यवहार धरला असेल. चौदावाल्याने जुना डेटा आणणं, टॅलीला जोडणं, माणसांना शिकवणं हेही धरलं असेल. आत्ता कुणालाच देऊ नका. आधी कामाचा कागद करा.

कागद आठ-दहा पानांचा पुरतो, पण तो स्टोअर आणि डिस्पॅचच्या माणसांना शेजारी बसवून लिहा. गेल्या तीन महिन्यांतली पंचवीस-तीस खरी चलनं काढा आणि त्यात मुद्दाम अडलेली, घोळ झालेली घ्या. समजा प्लेटिंगला ५०० नग गेले. पहिल्या खेपेला ३०० परत आले, दुसऱ्या खेपेला १८०. त्या ४८० पैकी १२ रिजेक्ट झाले. ५ पुन्हा प्लेटिंगला पाठवले, ७ भंगारात गेले. आता स्टॉकला ४६८ दिसायला हवेत, जॉबवर्करच्या नावावर २५ आणि भंगारात ७. पण ते ५ नग जुन्या चलनावर राहतील की नवं चलन निघेल? जॉबवर्करचं बिल ४८० नगांचं की ४६८ चं? भंगाराचा भुर्दंड कुणावर? ही उत्तरं तुमच्या स्टोअरकीपरच्या डोक्यात आहेत आणि प्रोग्रामरला ती कळायचा दुसरा मार्ग नाही. काम अर्धं झाल्यावर ती सापडली की प्रत्येक उत्तराची एक चेंज रिक्वेस्ट (जादा पैशांची बदलाची मागणी) होते, आणि चार लाखांचं काम नऊवर जातं.

त्याच कागदात कायद्याच्या मुदतीही घाला. जीएसटी कायद्याच्या कलम १४३ प्रमाणे जॉबवर्कला दिलेला माल एका वर्षात परत यावा लागतो, भांडवली वस्तू तीन वर्षांत. आला नाही तर तो पाठवला त्याच दिवशी विकला असं धरतात. म्हणून प्रत्येक उघड्या चलनाचं वय पडद्यावर दिसलं पाहिजे आणि जॉबवर्कच्या मालाचा तपशील देण्याच्या आयटीसी-०४ या जीएसटी फॉर्मचे आकडे तिथूनच निघाले पाहिजेत.

हा कागद तिघांनाही देऊन नव्याने कोटेशन मागवा. कागद करायलाच मदत लागणार असेल तर त्यातल्या एकाला तेवढ्यापुरतं दोन-तीन आठवड्यांचं काम पैसे देऊन द्या; कागद तुमच्या मालकीचा राहील आणि पुढचं काम त्यांनाच देण्याचं बंधन नसेल, हे आधी लिहून घ्या.

निवड करताना विक्रीचा माणूस बाजूला ठेवा. प्रत्यक्ष काम ज्याच्या हाताखाली होणार त्याच्याशी तासभर बोला, त्याच्यापुढे हे ५०० नगांचं चलन ठेवा. "होऊन जाईल सर" म्हणणाऱ्यापेक्षा "हे ५ नग कुठल्या चलनावर?" असं स्वतःहून विचारणारा निवडा, चार पैसे जास्त लागले तरी.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. तुमच्या बाजूने एक माणूस नेमा. त्याला कारखान्याचं काम माहीत हवं, निर्णय घ्यायचा अधिकार हवा आणि काम चालू असेपर्यंत रोजचे दोन तास मोकळे हवेत. कंपनीने विचारलेल्या प्रश्नाला दोन दिवसांत उत्तर गेलं पाहिजे. नाहीतर प्रोग्रामर थांबत नाही, अंदाजाने पुढे जातो, आणि तो अंदाज चुकलेला महिन्याने कळतो. कॉम्प्युटर बघणाऱ्या नवख्या मुलाकडे हे काम दिलं जातं तेव्हा त्याला निर्णय घेता येत नाहीत, आणि मालकाकडे दिलं तर मालकाला वेळ नसतो. कंपनी कशी निवडली याहून हा माणूस कोण निवडला याला आम्ही जास्त वजन देतो.

पैशाचे टप्पे तारखांना बांधू नका, चालणाऱ्या कामाला बांधा. सुरुवातीला २० टक्के, मग चलन चाललं की काही, स्टॉक जुळला की काही, आणि शेवटचे १५ टक्के दोन महिनाअखेरी नव्या सॉफ्टवेअरवर नीट पार पडल्यावर. खरे दोष महिनाअखेरीलाच बाहेर येतात.

प्रश्न : काम समाधानकारक नसेल तर बिल थांबवून ठेवलं की व्हेंडर वठणीवर येतो, असा आमचा अनुभव आहे. यात कायद्याची काही अडचण आहे का? – व्यवस्थापक, छत्रपती संभाजीनगर

आहे. बऱ्याच लहान सॉफ्टवेअर कंपन्या सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून 'उद्यम' या सरकारी पोर्टलवर नोंदलेल्या असतात. एमएसएमईडी कायदा, २००६ प्रमाणे त्यांचं बिल ठरलेल्या मुदतीत द्यावं लागतं, आणि ती मुदत ४५ दिवसांपेक्षा जास्त ठरवता येत नाही. करार नसेल तर १५ दिवस. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या 'बँक दरा'च्या तिप्पट व्याज, तेही महिन्याच्या चक्रवाढीने. शिवाय मुदत चुकवून वर्ष ओलांडलं तर आयकरात तो खर्च प्रत्यक्ष पैसे दिलेल्या वर्षीच धरता येतो.

अनेकांना माहीत नसलेली गोष्ट अशी की काम हातात आल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत घेतली नाही, तर ते स्वीकारलं असं धरलं जातं. फोनवरची कुरकुर किंवा मीटिंगमधली नाराजी चालत नाही. म्हणून प्रत्येक टप्पा हातात आला की दहा दिवसांच्या आत तपासा, दोष क्रमांक घालून लिहा, स्क्रीनशॉट जोडा आणि ईमेल करा. दोष नसलेल्या भागाचे पैसे वेळेवर द्या. पैसे अडलेल्या गिऱ्हाइकाच्या कामावरून अनुभवी माणूस काढून दुसरीकडे लावला जातो, आणि तो एकदा गेला की परत मिळत नाही.

प्रश्न : आमच्या ऑनलाइन दुकानाची वेबसाइट आणि अ‍ॅप एका कंपनीने केलं. आता काम दुसऱ्याला द्यायचं आहे तर ते डोमेन (वेबसाइटचा पत्ता) आणि सोर्स कोड (प्रोग्रामचा मूळ मजकूर) देत नाहीत. पूर्ण पैसे दिलेत, मग ते आमचंच ना? – व्यापारी, कोल्हापूर

पैसे दिले म्हणून सोर्स कोड आपोआप तुमचा होत नाही. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ प्रमाणे पगारी नोकराने नोकरीचा भाग म्हणून केलेलं काम मालकाचं असतं. बाहेरच्या कंपनीने केलेलं काम, वेगळा करार नसेल तर, करणाऱ्याचं राहतं. हक्क तुमच्याकडे यायला त्यांच्या सहीचा लेख लागतो. त्या लेखात मुदत लिहिली नाही तर कलम १९ प्रमाणे हक्क पाचच वर्षांचा धरतात, आणि प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरता. तेव्हा 'कायमस्वरूपी, जगभरासाठी' हे शब्द हवेत. मिळालेला हक्क वर्षभर वापरला नाही तरी तो रद्द होणार नाही, हे वाक्यही घाला.

तुमच्या बाबतीत आधी करार किंवा पर्चेस ऑर्डर काढून त्यात काय लिहिलंय ते वकिलाकडून वाचून घ्या. डोमेन कुणाच्या नावावर नोंदलंय ते पाहा. नोंदणी तुमच्या नावावर असून फक्त पासवर्ड त्यांच्याकडे असेल तर रजिस्ट्रारकडे (डोमेन नोंदवणाऱ्या कंपनीकडे) ओळखीची कागदपत्रं देऊन ताबा मिळवता येतो. नोंदणीच त्यांच्या नावावर असेल तर तडजोड करावी लागेल. अ‍ॅप त्यांच्या गुगल प्ले खात्यात असेल तर ते तुमच्या खात्यात हलवता येतं आणि जुने ग्राहक, रेटिंग, रिव्ह्यू तसेच राहतात, पण त्याला त्यांचं सहकार्य लागतं. थोडे पैसे देऊन हे हस्तांतर करून घेणं नव्याने अ‍ॅप काढण्यापेक्षा स्वस्त पडतं.

पुढच्या कंपनीबरोबर पहिल्या दिवसापासून सगळी खाती दुकानाच्या नावाने उघडा : डोमेन, होस्टिंगचं मूळ खातं, प्ले कन्सोल, पेमेंट गेटवे, एसएमएससाठीची डीएलटी नोंदणी आणि सोर्स कोड ठेवायची जागा. या खात्यांना नोकरी सोडून गेलेल्या कर्मचाऱ्याचा ईमेल किंवा मोबाइल जोडलेला नसावा. कंपनीला त्यात वापरकर्ता म्हणून प्रवेश द्या. काम संपलं की तो काढून घेता येतो. सोर्स कोड शेवटी सीडीवर मागू नका, दर आठवड्याला तुमच्या खात्यात पडला पाहिजे.

प्रश्न : आमच्या पतसंस्थेचं सगळं सॉफ्टवेअर आणि सर्व्हर व्हेंडर सांभाळतो. मग सायबर सुरक्षेची जबाबदारीही त्याचीच ना? – सचिव, सांगली जिल्हा

काम त्याचं आहे, पण जबाबदारी संस्थेची आहे. वैयक्तिक डेटा संरक्षणाच्या २०२३ च्या कायद्यात हे स्पष्ट आहे : माहिती ज्या संस्थेने गोळा केली ती संस्था, प्रक्रिया करणारा कुणीही असो, उत्तरदायी राहते, आणि बाहेरच्याला काम देताना वैध करार लागतो. सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्यास दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू होतात, तेव्हा तयारी आत्ताच सुरू करा. याखेरीज 'सर्ट-इन' या केंद्राच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे सायबर हल्ला लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायचा असतो आणि लॉग (यंत्रणेतल्या हालचालींच्या नोंदी) १८० दिवस जपायचे असतात. रविवारी रात्री व्हेंडरच्या माणसाला काही दिसलं तर तो कुणाला फोन करणार आणि सर्ट-इनला ईमेल कोण करणार, ही दोन नावं आणि नंबर आजच लिहून भिंतीवर लावा.

जुलै २०२४ च्या शेवटी सहकारी आणि ग्रामीण बँकांना सेवा देणाऱ्या एका तंत्रज्ञान पुरवठादारावर रॅन्समवेअर (डेटा लॉक करून खंडणी मागणाऱ्या प्रोग्रामचा) हल्ला झाला. यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने त्या पुरवठादाराला पेमेंट यंत्रणेपासून तात्पुरतं तोडलं आणि सुमारे तीनशे लहान बँकांचे व्यवहार अडल्याच्या बातम्या आल्या. हल्ला पुरवठादारावर झाला, पण खातेदार आपल्याच बँकेच्या दारात येऊन उभा राहतो.

रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२३ मध्ये आयटी सेवा बाहेर देण्याविषयी सविस्तर निर्देश काढले, ते १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झाले. ते व्यापारी बँका, मोठ्या नागरी सहकारी बँका अशा संस्थांसाठी होते. पतसंस्था सहकार खात्याखाली येते, म्हणून ते तुम्हाला बंधनकारक नाहीत, पण करार करताना त्यातून चार गोष्टी जरूर उचला. व्हेंडरची तपासणी करायचा हक्क. त्याने काम पुढे तिसऱ्याला द्यायचं तर तुमची लेखी परवानगी. घटना घडली की विनाविलंब कळवायची अट. आणि करार संपताना डेटा कसा, कुठल्या स्वरूपात, किती दिवसांत परत मिळेल याचा ठरलेला मार्ग.

आणि बॅकअप. "रोज बॅकअप होतो" हे वाक्य पुरेसं मानू नका. दर तीन महिन्यांनी व्हेंडरला एका वेगळ्या संगणकावर बॅकअप उघडून दाखवायला सांगा. मागच्या शुक्रवारची डे-एंड शिल्लक तुमच्या छापील कागदाशी जुळवा, वीस खात्यांची बाकी तपासा, किती तास लागले ते लिहा. पहिल्या खेपेला बहुधा काहीतरी अडतंच : फाइल अर्धवट, पासवर्ड विसरलेला, नाहीतर सह्यांचे आणि फोटोंचे फोल्डर बॅकअपमध्ये घेतलेलेच नाहीत. एक प्रत सर्व्हरला न जोडलेल्या ठिकाणी हवीच. जोडलेली प्रत रॅन्समवेअर मूळ डेटाबरोबरच लॉक करतो.

प्रश्न : एएमसीच्या (वार्षिक देखभालीच्या) करारात '९९.५ टक्के अपटाइम' (सॉफ्टवेअर चालू राहण्याचा वेळ) आणि 'चार तासांत प्रतिसाद' लिहिलंय. एवढं पुरे का? – रुग्णालय प्रशासक, नाशिक

हिशेब करून पाहा. तीस दिवसांचा महिना म्हणजे ७२० तास. त्यातला अर्धा टक्का ३.६ तास. सकाळच्या ओपीडीत साडेतीन तास सॉफ्टवेअर बंद राहिलं तरी व्हेंडरने करार पाळला असं होईल. ९९.९ टक्के म्हटलं तर ही मुभा ४३ मिनिटांवर येते, पण खर्च बराच वाढतो. त्यापेक्षा सकाळी ८ ते रात्री ९ हे कामाचे तास वेगळे काढा, त्यांना कडक अट लावा आणि दुरुस्तीसाठी रात्रीची वेळ मोकळी द्या.

'प्रतिसाद' म्हणजे "तक्रार मिळाली" एवढा ईमेल. सेवा पुन्हा किती वेळात सुरू होईल ते वेगळं लिहून घ्या, आणि तक्रारींचे तीन वर्ग पाडा. बिलिंग बंद, हे दोन तासांत सुरू. एखादा रिपोर्ट चुकतोय, हे दोन दिवसांत. अक्षर लहान दिसतंय, पुढच्या आवृत्तीत. तक्रार कुठल्या वर्गात घालायची हे रुग्णालय ठरवेल, ही ओळ विसरू नका.

भांडणं मात्र बहुतेक 'हा दोष की नवी मागणी' यावरून होतात. कागदात लिहिलंय आणि तसं चालत नाही, तर दोष. तो फुकट दुरुस्त व्हायला हवा. कागदात नाही, तर नवी मागणी. सरकारी नियम बदलला तर खर्च कुणाचा, हे तिसरं कलम स्वतंत्र लिहा. ऑगस्ट २०२३ पासून ई-इन्व्हॉइससाठीची उलाढालीची मर्यादा ५ कोटींवर आली तेव्हा हे कलम नसलेल्यांना जास्तीचे पैसे मोजावे लागले.

प्रश्न : करारात भरभक्कम दंड घातला तर उशीर टळेल का? – ठाणे

फारसा नाही. भारतीय करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा असते. न्यायालय त्या मर्यादेत फक्त वाजवी भरपाई देतं. आणि जबर दंड दिसला की व्हेंडर तो आधीच किमतीत मिळवतो. आठवड्याला एखादा टक्का, कमाल दहा टक्के, एवढा ठेवा.

प्रश्न : व्हेंडर म्हणतो टेस्टिंग पूर्ण झालंय, तारीखही जाहीर झालीये. नव्या सॉफ्टवेअरवर एकदम जावं का? – शिक्षण संस्था, अमरावती

त्याच्या शब्दावर जाऊ नका. ब्रिटनच्या टीएसबी बँकेने एप्रिल २०१८ मध्ये सुमारे ५० लाख ग्राहकांची खाती एका झटक्यात नव्या यंत्रणेवर नेली. डेटा गेला, पण यंत्रणा कोसळली. ग्राहकांना आपली खाती उघडता येईनात आणि सगळं सुरळीत व्हायला महिने गेले. डिसेंबर २०२२ मध्ये नियामकांनी बँकेला ४.८६५ कोटी पौंड दंड केला. पुढच्या वर्षी बँकेच्या तेव्हाच्या माहिती-तंत्रज्ञान प्रमुखालाही ८१,६२० पौंडांचा वैयक्तिक दंड झाला, कारण पुरवठादार खरंच तयार आहे का याची पुरेशी खातरजमा त्याने केली नव्हती. तो पुरवठादार बँकेच्याच मूळ समूहातला होता, तरीही.

तुम्ही आधी एका शाखेची किंवा एका वर्गाची फी नव्यावर घ्या. एक पूर्ण महिना जुनं आणि नवं दोन्ही चालवा, रोज संध्याकाळी दोन्हींच्या बेरजा जुळवा. क्लार्कवर दुप्पट काम पडेल, त्याची सोय आधी करा. प्रवेशाच्या हंगामात हे अजिबात सुरू करू नका. जुन्यावर परत कसं जायचं हे कागदावर नसेल तर तारीख पुढे ढकला.

प्रश्न : मी हिंजवडीत टीम लीड आहे. क्लायंट जर्मनीतला. त्यांची तक्रार : तुम्ही कशालाच नाही म्हणत नाही आणि उशीर शेवटच्या दिवशी सांगता. वर माणसं सोडून जातात, तेव्हा नव्याला पुन्हा पहिल्यापासून शिकवावं लागतं. काय करावं? – पुणे

तक्रार रास्त आहे, आणि उपाय तुमच्या हातात आहे. अंदाज एका आकड्यात देऊ नका. "६ ते १० दिवस, त्यांच्या टेस्ट सर्व्हरचा प्रवेश मिळाला तर ६, नाही तर १०" असं सांगितलं की त्यांना स्वतःचं कामही दिसतं. अडचण कळल्यापासून एका दिवसात ईमेल जायला हवा आणि त्यात चार ओळी पुरतात : काय अडलंय, काय करून पाहिलं, कोणता निर्णय हवा, कधीपर्यंत. "बुधवारी दुपारपर्यंत जुना की नवा फाइल फॉरमॅट हे कळलं नाही तर शुक्रवारची डिलिव्हरी मंगळवारी जाईल" हे वाक्य जर्मन मॅनेजरला उद्धट वाटत नाही. त्याला त्याचीच वाट असते. 'लवकरच कळवतो' याने मात्र त्याचा विश्वास जातो.

वेळेचा फरक उन्हाळ्यात साडेतीन तास, हिवाळ्यात साडेचार. म्हणजे तुमची पूर्ण दुपार सामाईक आहे. अमेरिकेच्या क्लायंटबरोबर एवढी मिळत नाही. ती दुपार स्टेटस मीटिंगमध्ये घालवू नका. तुमचा डेव्हलपर आणि त्यांच्याकडचा कामाचा जाणकार यांना थेट बोलू द्या. दर दोन आठवड्यांनी चालणारं काम दाखवा, स्लाइड नकोत.

माणसं जातात हे गृहीत धरूनच टीम बांधा. नोटीस पीरियड तीन महिन्यांचा असला तरी हँडओव्हर शेवटच्या आठवड्यात उरकतात आणि तो बारा तासांच्या रेकॉर्डिंगमध्ये संपतो, जे पुढे कुणी उघडत नाही. राजीनामा आला त्याच आठवड्यात नव्या माणसाला त्या भागातला एक खरा बग द्या. दुरुस्ती नवा करेल; जुन्याने शेजारी बसून पाहायचं, कीबोर्डला हात लावायचा नाही. असे चार-पाच बग झाले की काय समजलं नाही ते उघड होतं आणि नवा माणूस ते लिहून काढतो. प्रत्येक भाग कळणारी दोन माणसं कायम असावीत, आणि दुसऱ्याचा वेळ क्लायंटच्या बिलात उघडपणे दाखवा. लपवलात तर खर्चकपातीत पहिला तोच जातो.

सुट्ट्यांचं कॅलेंडर जानेवारीतच द्या. गणपती आणि दिवाळीच्या आठवड्यांत कोण असेल ते नावानिशी लिहा, आणि त्यांच्याकडून नाताळातल्या कोड फ्रीझची (प्रोग्राममध्ये बदल थांबवण्याची) तारीख मागून घ्या. ती आणि तुमची दिवाळी यांच्यामध्ये किती कामाचे दिवस उरतात ते मोजूनच वर्षअखेरीची डिलिव्हरी कबूल करा.